आगमनकाळाचे चार रविवार घराला द्या

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की वसईच्या गावांपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांत एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. नाताळचा फराळ घरी करायचा की विकत आणायचा? एक बाजू म्हणते, घरच्या करंजीची चव विकतच्या करंजीला नाही आणि हल्लीच्या सुनांना कष्ट नकोत. दुसरी बाजू म्हणते, नोकरी करून दमलेल्या बाईला डिसेंबरभर कढईपुढे उभी करायची आणि त्याला परंपरा म्हणायचे, हे आता पुरे. पाकिटे आणा आणि मोकळ्या व्हा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींची नजर डब्यावरच असते. डब्यात काय आहे, कुणाच्या हातचे आहे, किती प्रकारचे आहे. ते भरताना घरात कोण कोण होते, किती वेळ होते, एकमेकांशी काय बोलले, हे कुणी विचारत नाही. मला वाटते खरा प्रश्न तोच आहे. फराळ निम्म्याहून जास्त विकत आणला तरी हरकत नाही. पण नाताळच्या आधीचे चार रविवार घरासाठी, नातलगांच्या जाण्यायेण्यासाठी आणि निवांत बसण्यासाठी राखून ठेवले पाहिजेत. आज आपण ते चार रविवार बाजाराला आणि पार्ट्यांना देऊन टाकले आहेत आणि त्याबदल्यात मिळालेल्या पाकिटांवर भांडत बसलो आहोत.

हे चार रविवार कुठून आले ते आधी पाहू. उपासनेच्या पंचांगात ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. फादरांची वस्त्रे जांभळी होतात, मिस्सेतले गौरवगान थांबते, वेदीवरची फुले कमी होतात. हा काळ थांबण्याचा आहे, वाट पाहण्याचा आहे. सण सुरू होतो तो २५ तारखेला, आणि तो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आज आपल्याकडे काय होते? डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसची पार्टी, मग सोसायटीची, मग शाळेची, मग मंडळाची. केक तर पहिल्या आठवड्यापासूनच कापले जातात. २५ तारीख उजाडेपर्यंत गोड खाऊन कंटाळा आलेला असतो आणि पुढच्या दोन-चार दिवसांत चांदणी खाली उतरते. मराठी घराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. नैवेद्य दाखवण्याआधी करंजीला हात लावायचा नाही, हे ज्या घरात पोरांना शिकवले जाते त्या घराला थांबण्याची किंमत ठाऊक असते. लक्ष्मीपूजनाच्या आधीच अर्धा डबा संपला तर दिवाळी कसली राहिली?

जर्मनीत हाम्बुर्ग शहराजवळ योहान विखेर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत. नाताळला किती दिवस उरले, हे मुले रोज विचारत. १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: आठवड्याच्या दिवसांसाठी लहान तांबड्या, चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. दररोज एक पेटवायची. आज चर्चमध्ये आणि घरांत चार मेणबत्त्यांचे जे हिरवे कडे दिसते त्याचा उगम हा आहे. ज्या मुलांकडे काहीच नव्हते त्यांना त्या माणसाने वाट पाहण्याचा आनंद दिला. त्याला लागले एक मोडके चाक आणि रोज सगळ्यांनी मिळून त्याच्याभोवती काढलेली काही मिनिटे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा, आणि तो खरोखरच जड आहे. घरचा सण म्हणजे घरच्या बाईचे राबणे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. पुरुषांचा ९७ मिनिटे, आणि तोही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच. म्हणजे साधा दिवसही बाईसाठी पाच तासांच्या घरकामाचा आहे. त्यावर डिसेंबरात आठ प्रकारचा फराळ, घराची झाडलोट, पडदे धुणे आणि पाहुण्यांचे चहापाणी घाला. ‘पूर्वी किती मजा यायची’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती मजा ओट्याच्या पलीकडून पाहिलेली असते. एखादी सून ‘मी या वर्षी काहीच करणार नाही, सगळे विकत आणा’ असे म्हणत असेल तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. शांत घरगुती नाताळ हवा असेल आणि तो एका माणसाच्या पाठदुखीवर उभा राहणार असेल, तर तो नसलेलाच बरा.

पण या मुद्द्यावरून ‘म्हणून सगळे विकत आणा’ हा निष्कर्ष निघत नाही. एका बाईने दहा तास केलेले काम पाच जणांनी दोन तासांत करावे, हा निघतो. कुलकुलचे उदाहरण घेऊ, कारण हा पदार्थ जणू घोळक्यासाठीच जन्माला आला आहे. एक किलो मैदा, दोनशे ग्रॅम बारीक रवा, चार चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ, आणि नारळाचे दाट दूध अर्धा लिटरच्या आसपास. अंडे घालणारे दोन अंडी घालतात आणि तेवढे दूध कमी करतात. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल मळायचे आणि तासभर ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. मग गोटीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या स्वच्छ कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरवायची आणि एका टोकापासून गुंडाळत सोडवायची. रेघांची छोटी शिंपली तयार होते. एक किलो मैद्याचे सुमारे पावणेदोन किलो पीठ होते आणि त्याच्या साडेपाचशे-सहाशे कुलकुल्या. एकीला पंधरा सेकंद धरले तर एकट्या बाईचे जवळजवळ अडीच तास त्यातच गेले, तळणे आणि पाकवणे वेगळेच. तेच काम पाच जण ताटाभोवती बसले तर अर्ध्या तासात उरकते. सात वर्षांचे पोर हे करू शकते, आणि ज्या आजोबांची बोटे थरथरतात तेही करू शकतात, कारण शिंपली थोडी वाकडी झाली म्हणून बिघडत काही नाही.

बिघडते ते दुसऱ्या कारणांनी. गोळ्या उघड्या राहिल्या की वरून पापुद्रा धरतो आणि गुंडाळताना चिरा पडतात. म्हणून पाचपन्नास गोळ्याच बाहेर काढायच्या, बाकीचे पीठ फडक्याखाली. पसरवलेली पारी जाड राहिली की बाहेरून तांबूस आणि आतून कच्ची. शेवटची कड दाबून चिकटवली नाही तर तेलात शिंपली उलगडते. तेल फार तापले तर लगेच रंग येतो पण दुसऱ्या दिवशी कुलकुली मऊ पडते, म्हणून मध्यम आंच आणि सतत झारा. साखरेचे कवच हवे असेल तर एक वाटी साखरेला पाव वाटी पाणी, पाक दोनतारीच्या पुढे गेला की कुलकुल्या टाकायच्या आणि साखर पांढरी होऊन चिकटेपर्यंत भराभर हलवायच्या. इथे एक माणूस पाक बघायला आणि दुसरा हलवायला लागतोच. आणि गरम असताना डब्यात भरायच्या नाहीत, वाफ धरली की सगळी मेहनत पाण्यात. हे सगळे तपशील सांगण्याचे कारण असे की यातले एकही काम बाईनेच करावे असे नाही. गरम तेलापुढे उभे राहायला घरचा पुरुष सगळ्यांत योग्य, आणि त्याने त्या दिवशी दोन तास उभे राहिलेच पाहिजे. हे मान्य नसणाऱ्या घराने घरच्या चवीबद्दल बोलू नये.

दोदोल याहून स्पष्ट बोलतो. पाव किलो तांदळाच्या पिठाला पाऊण ते एक किलो माडाचा काळा गूळ आणि चार नारळांचे दूध, जाड बुडाच्या पितळी किंवा तांब्याच्या कढईत. उकळी आली की तिथून दीड-दोन तास हात थांबवायचा नाही. थांबला की तळाला करपते आणि तो वास सगळ्या कढईत उतरतो. मिश्रण कडा सोडू लागले आणि नारळाचे तेल बाजूने सुटले की झाले. कंटाळून आधी उतरवले तर चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी. शेवटचा अर्धा तास उलथणे दोन्ही हातांनी ओढावे लागते, खांदे भरून येतात. हे काम आळीपाळीने करायचे असते हे कढईच सांगते. घरात आळीपाळीने उभी राहणारी तीन माणसे नसतील तर दोदोल विकत आणावा. त्यात कमीपणा काहीच नाही. बेबिंकाचे तर मी सरळच सांगेन: अंड्यांच्या बलकाचा आणि नारळाच्या दुधाचा तो थरांचा पदार्थ, प्रत्येक थर वरून आंच देऊन भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, सात थरांना अर्धा दिवस जातो. ज्यांचा त्यात हात बसला आहे त्यांच्याकडूनच तो घ्यावा.

विकतच्या बाजूचा दुसरा मुद्दाही खरा आहे. गावागावांतले बचत गट आणि घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बायका डिसेंबरच्या महिन्यात चार पैसे मिळवतात, त्यांच्याकडून घेणे हे चांगलेच काम आहे. पण या बाजूने एक गोष्ट विसरू नये. कष्ट विकत घेतल्याने नाहीसे होत नाहीत, दुसऱ्या घरी जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्लॉरेन्स केली या बाईंनी नाताळच्या आधीच्या दिवसांत दुकानांतल्या मुलींना आणि सामान पोचवणाऱ्या लहान पोरांना रात्री उशिरापर्यंत कसे राबवले जाते हे लोकांपुढे मांडले. त्यांच्या ग्राहक संघाचे सांगणे साधे होते: खरेदी लवकर करा, शेवटच्या आठवड्यात गर्दी करू नका. हे आज आपल्याला जसेच्या तसे लागू आहे. २१ तारखेला फोन करून ‘२३ पर्यंत तीन किलो नेवऱ्या (गोव्याकडच्या करंज्या) हव्यात’ म्हणणारे घर दुसऱ्या एका बाईचा चौथा रविवार हिसकावून घेते. ती बाईही कुणाची आई असते, तिच्याही घरी माणसे यायची असतात. ऑर्डर द्यायची तर पहिल्या रविवारी द्या, आणि टिकाऊ वस्तू पंधरा तारखेच्या आत घेऊन या.

टिकण्याचा हिशेब कळला की सगळा महिना सोपा होतो, आणि कुठला रविवार कशासाठी हेही आपोआप ठरते. कोरडी कुलकुल आणि शंकरपाळी हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे राहतात. सुक्या खोबऱ्याच्या आणि भाजलेल्या रव्याच्या सारणाची करंजी दोन आठवडे चांगली राहते. ओल्या नारळाची चार दिवसांत आंबूस होते. नेमकी ही चूक दरवर्षी होते: हौसेने ओला नारळ घालायचा, बारा तारखेला तळायच्या आणि नाताळच्या दिवशी डबा उघडून तोंड पाडायचे. म्हणून पहिला रविवार झाडलोटीला आणि याद्यांना, दुसरा फक्त माणसांकडे जाण्याला, तिसरा कुलकुल आणि सुक्या सारणाच्या करंजीला. ओल्या नारळाचे जे काही असेल ते चौथ्या रविवारनंतर. आणि एकूण प्रकार तीन पुरेत. आठ प्रकारांचे ताट हा शेजारणीशी केलेला मुकाबला असतो, त्यात पाहुण्याचा कुठे विचारच नसतो.

दुसऱ्या रविवारी माणसांकडे जायचे म्हटले की तिसरा आक्षेप येतो, आणि तो तरुण मंडळींचा असतो. नातलगांच्या भेटीत आनंद कसला? लग्न कधी, पगार किती, पोरगं कधी, वजन का वाढले. मान्य. पण ही चौकशी कुठे होते ते पाहा. हॉलमध्ये, समोरासमोरच्या खुर्च्यांवर, मध्ये टीपॉयवर बिस्किटे, आणि दोन्हीकडच्या हातांना काही काम नाही. अशा बैठकीत बोलायला विषय लागतो, आणि समोरच्याचे आयुष्य हा सगळ्यात सोपा विषय. तीच माणसे एका ताटाभोवती बसून करंज्यांना मुरड घालू लागली की नजरा खाली असतात, हात चालू असतात, मध्येच गप्प बसले तरी ते गप्प बसणे वाटत नाही. मामी मग तुमच्या लग्नाऐवजी स्वतःच्या सासूची गोष्ट सांगते, आणि घराण्यातल्या ज्या गोष्टी कुठल्या कागदावर नाहीत त्या अशाच वेळी बाहेर पडतात. वसईकडची कादोडी बोली बोलणाऱ्या घरांतली नवी पिढी घराबाहेर मराठी आणि इंग्रजी बोलते. आजीची बोली तिच्या कानावर दीड तास सलग पडेल अशी जागा आता या ताटाशिवाय फारशी उरलेली नाही.

म्हणून भेटायला जायचे तर काम घेऊन जावे. आदल्या दिवशी फोन करून सांगावे, चार ते सहा अशी वेळ धरावी, मळलेले पीठ किंवा भाजलेले सारण डब्यात न्यावे, आणि जाताना त्यातले अर्धे तिथेच ठेवावे. ज्यांच्या घरी मधुमेहाचे माणूस आहे तिथे गोडाचा किलोभर डबा नेऊन त्यांना पेचात टाकू नये. चकलीचे पीठ न्यावे, सोऱ्या न्यावा. नगर-सोलापूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला चकली-लाडूच असतात आणि तो तितकाच अस्सल नाताळ आहे. आणि खरोखरच काही नाती अशी असतात की तिथे न गेलेलेच बरे. जिथे अपमान झाला, मार खाल्ला, वाटणीवरून तोंडे फिरली, तिथे कढईच्या वासाने काही जुळत नाही. अशा माणसाने आपल्या चार रविवारांपैकी एक एखाद्या एकट्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला दिला तरी हे दिवस सार्थकी लागले.

भेटी आधीच व्हायला हव्यात याला आणखी एक कारण आहे, ते रोजच्या व्यवहाराचे. २५ तारखेला किती जण मोकळे असतात? नर्स, रेल्वेचे मोटरमन, पोलीस, हॉटेलांतले आचारी, जहाजावरचे खलाशी यांना त्या दिवशी ड्यूटी असते. दुबई-अबुधाबीत २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नाही. एकाच तारखेवर सगळे कुटुंब जमवण्याचा हट्ट धरला की निम्मे कुटुंब व्हिडिओ कॉलवर राहते. घरातला खलाशी ८ तारखेला येऊन २० ला परत जाणार असेल तर त्या घराचा सगळ्यांनी एकत्र बसण्याचा दिवस १४ तारीख हाच. गाडीचेही तसेच. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे २४ डिसेंबरची कोकण रेल्वेची तिकिटे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढावी लागतात, आणि ती हां हां म्हणता संपतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघणाऱ्याला हा आटापिटा बराच कमी. ज्यांना रजा मोजून मिळते त्यांनी ती २६ ते ३१ मध्ये गर्दीत घालवण्याऐवजी या आठवड्यात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सण हा सगळ्यांचा असतो, त्याला घरात का कोंडता, असेही विचारले जाते. रोषणाई, गोठ्यांच्या म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांच्या स्पर्धा, रस्त्यावरचे गाणे-बजावणे यात वाईट काय? काहीच नाही. १८९३ मध्ये टिळकांनी गणपती सार्वजनिक केला त्याने समाजाला जे मिळाले ते मोठे होते. पण सव्वाशे वर्षांनंतरही मुंबईचा चाकरमानी सुट्टी काढून, उभ्याने प्रवास करून गावच्या घरच्या गणपतीला जातोच ना? लालबाग-परळच्या मांडवांशेजारी राहणारा माणूसही जातो. कारण मांडवात तो गर्दीतला एक असतो आणि घरी त्याच्यावाचून आरती अडते. सार्वजनिक आणि घरगुती या दोन वेगळ्या भुका आहेत. तक्रार एवढीच आहे की नाताळच्या बाबतीत पहिली दुसरीचा वेळ खाऊ लागली आहे.

आणि टिकते काय, याचा इतिहासाने दिलेला निकालही पाहण्यासारखा आहे. इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली नाताळचा सण रद्द केला. त्या दिवशी दुकाने उघडी ठेवायची असा आग्रह होता, त्यावरून कँटरबरीत दंगल उसळली. १६६० मध्ये राजा परत आला आणि सणही परत आला. मधल्या वर्षांत चर्चमधली उपासना बंद पाडता आली, पण घराघरांतले जेवण आणि येणे-जाणे कोणाला पुरते थांबवता आले नाही. गोव्यात याची दुसरी बाजू दिसते. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या घरगुती चालींवर बंदी घातली, अगदी भात मिठाशिवाय शिजवण्याच्या सवयीवरसुद्धा. तरी लग्नाच्या आधी नवरा-नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालणारा रोस आज गोव्यात होतोच, आणि दिवाळीची करंजी नेवरी होऊन नाताळच्या ताटात आहेच. या गोष्टी कोणत्याही संस्थेने जपलेल्या नाहीत. चार बायका एकत्र बसत होत्या म्हणून त्या राहिल्या. आज कोणतेही फर्मान निघालेले नाही, दुकाने आपण होऊन उघडी आहेत आणि आपणही त्यांतच आहोत. हे एकत्र बसणे कोणी बंद पाडलेले नाही, आपल्याच हातून ते सुटते आहे.

मुलांसाठी या दिवसांत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सगळे स्वस्त आहे. पाच फुटी तयार चांदणी आणण्याऐवजी बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कांब्या घ्या. पाच-पाच कांब्यांच्या दोन सपाट चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने जखडायची, आणि मग आतल्या पाच छेदांवर वीतभराचे पाच तुकडे आडवे बसवायचे. ते बसले की चांदणी फुगते. एखादी कांबी बोटभर लांब राहिली तर सगळी चांदणी एका अंगाला झुकते, म्हणून कांब्या एकत्र धरून एकदम कापाव्यात. वर पतंगी कागद, आत साधा एलईडी दिवा. आकाशकंदील केलेल्या हाताला हे नवे नाही. गोठ्यातल्या हिरवळीसाठी गहू एक रात्र भिजवून १४ किंवा १५ डिसेंबरला उथळ ताटलीत पेरावेत. दहा दिवसांत बोटभर उंच होतात. घटस्थापनेच्या धान्यासारखेच. पहिल्याच आठवड्यात पेरले तर नाताळपर्यंत पिवळे पडून लोळतात, अंधारात ठेवले तर हिरवे होत नाहीत, रोज तांब्याभर पाणी ओतले तर बुरशी येते. नुसता शिपका पुरे. पोर रोज सकाळी ते उगवलेले बघायला उठते.

शेवटी त्या ताटाविषयी, ज्याच्यासाठी हा सगळा वाद चालतो. पोर्तुगालात ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे घरच्यांचे जेवण. तो शब्द गोव्यात आला आणि शेजारीपाजारी पाठवायच्या गोडाच्या ताटाला लागला. मंगळुरात त्याचा कुसवार झाला. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेले असेल तिथे नाताळचे काही करत नाहीत, आणि शेजारचे, नात्यातले लोक त्यांच्याकडे ताट नेतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या फराळाचाही हाच रिवाज आहे. हे ताट सणाच्या दिवशी नेऊन उपयोगाचे नाही. त्या दिवशी सगळे आपापल्या घरी असतात आणि त्या घरात एक खुर्ची रिकामी असते, ती सगळ्यांना दिसत असते. ताट आधी न्यायचे, चौथ्या रविवारच्या दुपारी. ताटात विकतचा दोदोल असला तरी चालेल. रुमाल झाकून स्वतः न्यायचे, चप्पल काढून आत जायचे आणि बसायचे. गेलेल्या माणसाला कुठली वस्तू आवडायची, ते घरच्यांना सांगावेसे वाटते आणि बहुतेक वेळा ऐकायला कोणी नसते. त्यांना ते सांगू द्यायचे. रिकामे भांडे परत करू नये असा आपला संकेत आहे, म्हणून ती माउली उठून मूठभर साखर शोधू लागेल, तेव्हा तिला बसा म्हणायचे आणि ताट तिथेच ठेवून यायचे. ते न्यायला जानेवारीत पुन्हा जाता येते.